वाद्य आधी शोधा, वादक नंतर

या वेळी आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा डोकावतोय : घनवादी (क्युबिस्ट) चित्रातला, म्हणजे वस्तू सपाट तुकड्यांतून मांडणाऱ्या चित्रातला वादक. कुणाला तो परीक्षेत आलाय, कुणाच्या दिवाणखान्यात तो टांगलाय, कुणाला स्वतः काढून बघायचाय. त्यांतले काही निवडक प्रश्न आणि उत्तरं.

प्रश्न : आम्हाला रसग्रहणासाठी पिकासोचं ‘मा जोली’ हे चित्र दिलंय. सर म्हणतात, यात गिटार वाजवणारी बाई बसली आहे. मी तासभर बघतेय, मला बाईही दिसत नाही आणि गिटारही. सुरुवात कुठून करू? (कला महाविद्यालयाची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : बाईला शोधणं थांबवा, म्हणजे निम्मं काम होईल. माणसाचं शरीर कसंही वळतं, प्रत्येक कोनातून वेगळं दिसतं. त्याचे तुकडे केले की ओळखीची खूण फारशी उरत नाही. वाद्याचं तसं नाही. तारा एकमेकींना धरून सरळच जातात, खुंट्या मानेच्या टोकालाच असतात. चित्रकारानं कितीही मोडतोड केली तरी अशा दोन-चार खुणांवरून वाद्य हाती लागतं. ते लागलं की बोटं कुठं असणार, कोपर कुठं, डोकं किती उंचीवर, हे ओघानंच येतं.

चित्र मोबाइलवर बघत असाल तर आधी ते बंद करा. मूळ कॅनव्हास १०० सेंटिमीटर उंच आणि ६४.५ सेंटिमीटर रुंद आहे, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये. निदान ए-फोर कागदावर रंगीत छापून घ्या. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये गेरू, तपकिरी आणि राखाडी हे तिन्ही रंग एक होऊन जातात, आणि कुठलं प्रतल, म्हणजे सपाट तुकडा, कुठं संपतं हे कळायचा एकमेव आधार जातो.

आता डोळे किलकिले करून बघा. मधोमध खाली रुंद आणि वर निमुळता असा डोंगरासारखा आकार उभा राहील. कडांकडे तो विरत जातो. बसलेल्या माणसाचा ढोबळ घाट हाच. मग डोळे नीट उघडा आणि तळापासून वर चढत या. तळाशी ‘मा जोली’ ही फ्रेंच अक्षरं आहेत. जवळच स्वरलेखनाच्या आडव्या रेघा आणि त्यांच्या आरंभी येणारी वळणदार खूण, म्हणजे ट्रेबल क्लेफ. अक्षरांच्या वर, मध्याच्या थोडं खाली, एक त्रिकोणी भाग आहे आणि त्यावर शेजारी शेजारी रेघा. या तारा. तारांच्या खाली चार बोटं. उजवीकडे टोक काढून बाहेर आलेला कोन म्हणजे कोपर. वरच्या अर्ध्या भागात अर्धपारदर्शक प्रतलांच्या गर्दीत एक पुसट वळण आहे, ते हसू असावं. ‘असावं’ हा शब्द उत्तरपत्रिकेतही ठेवा. तिथं ‘आहे’ लिहिलंत तर परीक्षकाला ते दाखवता आलं पाहिजे.

हाताशी ट्रेसिंग पेपर असेल तर तो प्रिंटवर ठेवून तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. जे नक्की वाद्याचं, ते लाल. जे नक्की शरीराचं, ते निळं. ज्याचं काहीच ठरवता येत नाही, ते साध्या पेन्सिलीनं. साध्या पेन्सिलीचा भाग सगळ्यांत मोठा येईल. घाबरून त्यातलं काही निळं करू नका. १९११-१२ च्या या टप्प्याला विश्लेषणात्मक घनवाद म्हणतात, आणि इथं बहुतेक प्रतलं कुठल्याच वस्तूची नसतात. ती अवकाश बांधतात. एक प्रतल दुसऱ्यावर थोडं चढतं, त्याची एक कड उघडी राहते, आणि तिथून ते तिसऱ्यात मिसळून जातं. हातात हात अडकवून उभ्या असलेल्या माणसांसारखं; एकाला वेगळं काढू गेलं की रांग मोडते.

आता अक्षरं. ‘मा जोली’ म्हणजे ‘माझी सुंदरी’. पॅरिसच्या संगीतगृहांत त्या वेळी गाजत असलेल्या एका गाण्याच्या धृपदात हे शब्द येत, आणि पिकासो आपल्या त्या वेळच्या सखीला, मार्सेल हंबर्ट ऊर्फ इव्हाला, याच नावानं हाक मारायचा. माझं तिच्यावर फार प्रेम आहे आणि ते मी चित्रांत लिहिणार आहे, असं त्यानं १९१२ च्या जूनमध्ये आपला चित्रविक्रेता काह्नवायलर याला कळवलंही होतं. म्हणजे व्यक्तिचित्र म्हणावं तर चेहऱ्याचा पत्ता नाही, आणि नाव मात्र दुकानाच्या पाटीसारखं ठळक. ही गंमत रसग्रहणात यायला हवी. अक्षरं आणखीही एक काम करतात. अक्षर सपाटच असतं, त्याला खोली नसते. ती कॅनव्हासच्या पृष्ठभागावर चिकटून बसली की त्यांच्या मागचं सगळं आपोआप आत सरकतं. अक्षरांवर अंगठा ठेवून बघा, मग अंगठा काढा. फरक लगेच कळेल.

रंग इतके मातकट का, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो. ‘दुःख दाखवण्यासाठी’ हे उत्तर देऊ नका. चित्रकार आकार आणि अवकाश यांची जुळवणी करत होता. लाल-निळा रंग आला की डोळा तिथंच अडकतो आणि वस्तू चटकन वेगळी पडते. त्यामुळे गेरू, तपकिरी, राखाडी आणि पांढरा एवढ्यावरच काम भागवलं गेलं.

प्रश्न : मी संगीत शिकवतो. घनवादी चित्रांत गिटार, व्हायोलिन आणि मेंडोलिन यांची इतकी सरमिसळ दिसते की नावावर विश्वास ठेवावा की डोळ्यांवर, कळत नाही. तारा मोजाव्यात का? (ठाणे)

उत्तर : मोजा, पण त्यावर निकाल देऊ नका. गिटारला ६ तारा, व्हायोलिनला ४, मेंडोलिनला जोडीजोडीनं ८. चित्रकार मात्र जागेपुरत्या ओढतो, कधी तीनच. शिवाय समांतर रेघा पाच असतील तर त्या तारा नसून स्वरलेखनाच्या रेघाही असू शकतात. मोजणीपेक्षा छिद्राचा आकार जास्त विश्वासाचा. गिटारला तारांच्या खाली एकच गोल छिद्र. व्हायोलिनला घोडीच्या दोन बाजूंना दोन लांबट वळणदार छिद्रं, इंग्रजी ‘एफ्’ अक्षरासारखी. मेंडोलिनला गोल किंवा लंबगोल छिद्र, पण अंग थेंबासारखं, कमरेला खाच नाही. मानेच्या टोकाला गोगलगायीसारखी गुंडाळी दिसली की व्हायोलिन. ॲकॉर्डियनला भात्याच्या घड्यांची नागमोड आणि बटणांचे बारीक गोल. सनईसारखी तोंडाशी रुंदावलेली नळी आणि तिच्यावर गोल कळा दिसल्या तर ती क्लॅरिनेट.

नावांबद्दल : बरीच नावं चित्रकारानं ठेवलेली नाहीत. काह्नवायलरनं १९२० च्या आपल्या पुस्तकात स्पष्टच सुचवलं होतं की अशा चित्रांना ‘बाटली आणि पेला’ अशी वस्तूंची नावं द्यावीत, म्हणजे बघणाऱ्याच्या मनात वस्तूची प्रतिमा तयार होऊन चित्र वाचायला सोपं जातं. तेव्हा नाव हा पत्ता समजा, पुरावा समजू नका.

छिद्रांवरून चित्र किती वाचता येतं याचा उत्तम नमुना पिकासोच्याच १९१२ च्या अखेरच्या एका कागदी कामात आहे. नाव ‘व्हायोलिन’, पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात. कोळशाच्या थोड्या रेघा आणि चिकटवलेले वर्तमानपत्राचे दोन तुकडे, एवढाच ऐवज. दोन्ही तुकडे एकाच पानातून कापलेले आहेत. एक उलटा केला की कोड्याच्या तुकड्यासारखा दुसऱ्याला नेमका बसेल. खालचा तुकडा व्हायोलिनचं लाकूड झाला आहे, त्यावरच्या छपाईच्या ओळी लाकडाच्या रेषांसारख्या वाचल्या जातात. वरचा, तोच कागद, तीच छपाई, पण वाद्यामागची हवा झाला आहे. एकच कागद इथं घट्ट वस्तू आणि तिथं पोकळी, केवळ शेजारच्या रेघांमुळे. आता दोन छिद्रं बघा. एक मोठं, दुसरं लहान. चुकून झालेलं नाही. वाद्य तिरकं धरलं की लांबच्या बाजूचं छिद्र लहान आणि अरुंद दिसतं. वाद्य काढलंय सपाट आणि समोरून, त्याचं तिरकं असणं मात्र फक्त छिद्रांच्या आकारभेदातून सांगितलंय. तुम्ही संगीताचे म्हणून सांगतो : हे स्वरलेखनासारखं आहे. कागदावरची टिकली म्हणजे स्वर नव्हे, पण रेघांवरच्या तिच्या जागेवरून स्वर कळतो.

घनवाद घडवणारे दोघे चित्रकार, पिकासो आणि झॉर्झ ब्राक, वाद्यांकडेच का वळले, हेही तुम्ही विचारलंय. ब्राक स्वतः वाजवणारा होता, त्याच्या स्टुडिओत वाद्यं टांगलेली असत. वाद्य हे हाताच्या स्पर्शानं जागं होतं, हे त्याला महत्त्वाचं वाटे. त्याला चित्रातला अवकाश नुसता दाखवायचा नव्हता, हातानं चाचपता येईल असा हवा होता. त्यासाठी सफरचंदापेक्षा व्हायोलिन बरं.

प्रश्न : हे वादक म्हणजे महायुद्धानं मोडून पडलेला माणूस, असं एका व्याख्यानात ऐकलं. पटत नाही. (नाशिक)

उत्तर : पटू देऊ नका. ‘मा जोली’ १९११-१२ चं, ब्राकचं ‘पोर्तुगीज’ हे गिटारवादकाचं चित्रही त्याच काळातलं. युद्ध सुरू झालं जुलै १९१४ च्या अखेरीस. युद्धानं मोडला तो या दोघांचा जोडीनं काम करण्याचा काळ : ब्राक सैन्यात गेला आणि १९१५ मध्ये त्याच्या डोक्याला जबर जखम झाली. ‘आइनस्टाइनमुळे घनवाद आला’ हेही त्याच जातीचं विधान. सापेक्षतेवरचा पहिला निबंध १९०५ चा आहे खरा, पण पिकासोनं तो वाचल्याचा पुरावा नाही. १९०७ मध्ये पॅरिसला भरलेलं आधीच्या पिढीतल्या सेझान या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन मात्र दोघांवरही परिणाम करून गेलं, आणि प्रतलांच्या कडा उघड्या ठेवण्याची युक्ती तिथूनच आली.

प्रश्न : रंगीत चित्रापेक्षा घनवादी रेखाटन जास्त अवघड वाटतं. कोळशाच्या चित्रात सावली कधी डावीकडे, कधी उजवीकडे. उजेड येतो तरी कुठून? (चित्रकला शिक्षक, सातारा)

उत्तर : कुठूनच येत नाही, आणि हीच किल्ली आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रात आपण मुलांना उजेडाची एक दिशा ठरवायला शिकवतो. इथं प्रत्येक प्रतलाला स्वतःपुरता उजेड असतो.

वर्गात एक प्रयोग करून बघा. कार्ट्रिज कागदावर १० सेंटिमीटरची उभी रेघ ओढा. तिच्या उजव्या कडेला लागून कोळसा दाबून लावा आणि बोटानं उजवीकडे ओढत २ सेंटिमीटरमध्ये विरवा. रेघेच्या डावीकडचा कोरा कागद पुढे आलेला दिसेल आणि उजवीकडचा मागे गेलेला. आता पहिल्या रेघेच्या उजवीकडे ४ सेंटिमीटरवर दुसरी रेघ जराशी तिरकी ओढा, पण या वेळी काळं तिच्या डाव्या कडेला लावा आणि डावीकडे विरवा. दोन रेघांमधल्या पट्टीच्या दोन्ही कडा काळ्या, मध्य उजळ. मुलांना विचारा, ही पन्हळ आहे की नळी? निम्मी पन्हळ म्हणतील, निम्मी नळी. दोन्ही बरोबर. वादकाचा दंड, बाटलीची मान, गिटारची बाजू, सगळं याच पट्टीतून येतं, आणि शेजारी खुंट्या आहेत की बोटं यावरून ती कशाची ते ठरतं.

मग एका रेघेचं खालचं टोक २ सेंटिमीटर पुसून टाका. पट्टीतला उजेड तिथून बाहेरच्या कागदात सांडेल. बंद चौकोन वस्तू बनतो, उघडा चौकोन अवकाशात मिसळतो. घनवादी रेखाटनात पूर्ण बंद आकार फार कमी सापडतात. मोजून बघा.

अशा रेखाटनांची थट्टा सुरुवातीपासून झाली. पिकासोचं १९१० चं कोळशातलं ‘उभी नग्न स्त्री’ १९११ मध्ये न्यूयॉर्कला छायाचित्रकार स्टिग्लिट्झच्या गॅलरीत लागलं, तेव्हा टीकाकारांनी त्याला इमारतीबाहेरचा लोखंडी जिना म्हटलं, आगीच्या वेळी उतरायचा तो. उपमा वाईट नाही खरं तर : उभा कणा, त्याला धरून आडव्या पायऱ्या, मधून आरपार दिसणारी हवा. स्टिग्लिट्झनं ते चित्र स्वतःच विकत घेतलं, आता ते मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

‘सगळ्या बाजूंनी फिरून पाहिलेली वस्तू एकाच कागदावर’ ही व्याख्या आपण फळ्यावर लिहितो. १९०९-१० च्या कामांना ती बऱ्यापैकी लागू पडते. १९११ नंतरच्या कामात पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे मोजायला बसलात तर हाती काही लागत नाही. तिथं खुणा आहेत, बाजू नाहीत.

प्रश्न : मला पेटीवादकाचं घनवादी रेखाटन करायचंय. दोन-तीनदा केलं, पण ते फुटलेल्या आरशातल्या माणसासारखं दिसतं. काय चुकतंय? (फाइन आर्टचा विद्यार्थी, पणजी)

उत्तर : तुम्ही आधी पूर्ण माणूस काढला आणि मग त्यावर पट्टीनं तिरक्या रेघा मारल्या. नव्वद टक्के विद्यार्थी हेच करतात, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. त्यात आकृती तशीच शाबूत राहते, फक्त तडे जातात. घनवादात उलटं घडतं : आकृती आधी नसतेच, खुणा एकत्र आल्यावर ती भासते.

विषय मात्र नामी निवडलात. पेटी समोरून आणि मागून दोन वेगळी वाद्यं आहेत. श्रोत्याला भाता आणि तो हलवणारा डावा हात दिसतो. पट्ट्या आणि स्टॉपचे गोल खटके वादकाच्या बाजूला. एका जागी बसून संपूर्ण पेटी दिसतच नाही. ॲकॉर्डियन आणि पेटी दोन्हींत भात्याच्या हवेनं धातूच्या पत्त्या थरथरतात, त्यामुळे भात्याच्या घड्या पिकासोनं कशा हाताळल्या हेही बघता येईल.

कागद १५ × २२ इंची, म्हणजे हाफ इम्पिरियल. झाडाच्या काडीचा मऊ कोळसा, मळायचं खोडरबर आणि एक जुना सुती फडका. आधी साध्या कागदावर तीन झटपट रेखाटनं, प्रत्येकी १० मिनिटं : एक श्रोत्याच्या जागेवरून, एक वादकाच्या खांद्यामागून, एक स्टुलावर उभं राहून वरून. ही तिन्ही समोर ठेवून त्यांतल्या आठ खुणा निवडा, नववी नको. काळ्या पट्ट्यांचे दोन आणि तीन असे गट, एवढ्या पाचांवरून पेटी ओळखू येते, संपूर्ण सप्तक काढायची गरज नाही. भात्याच्या तीन-चार घड्या. दोन गोल खटके. डाव्या हाताची चार बोटं. उजव्या मनगटाचा वाक. मांडी घातलेल्या गुडघ्याचा कोन. कान. सदऱ्याच्या गळपट्टीची उभी चीर. झाल्या आठ.

मोठ्या कागदावर मध्याच्या किंचित डावीकडे एक उभा कणा हलक्या हातानं ओढा आणि त्यावर खाली रुंद असा त्रिकोण. मांडी घातलेला माणूस त्रिकोणातच बसतो, त्यामुळे हे आयतं जमतं. आता पट्ट्या वरून दिसतात तशा काढा, पण आडव्या न ठेवता कण्याकडे तिरक्या. त्यांना चिकटून भाता समोरून दिसतो तसा. दोन्हींच्या मध्ये पेटीची कड येऊ देऊ नका. इथंच हात थरथरतो आणि ‘खोका’ पूर्ण करायचा मोह होतो. खोका पूर्ण झाला की चित्र संपलं. गुडघ्याचा कोन आणि भात्याची घडी एकाच रेघेवर आणा, म्हणजे रेघ दोघांची होईल. असे तीन-चार सामाईक सांधे पुरे.

मग छटा. वर साताऱ्याच्या शिक्षकांना सांगितली तशी, प्रत्येक प्रतलाच्या एकाच कडेला, आणि शेजारच्या दोन प्रतलांची दिशा उलट. सगळीकडे सारखी घनता आली की चित्र फरशीसारखं दिसतं. बोटं आणि पट्ट्यांपाशी तुकडे लहान आणि दाट, कडांकडे मोठे आणि फिके, कोपऱ्यांत जवळजवळ कोरा कागद. शेवटी खोडरबर चिमटीत टोकदार करून तीन जागी कडा उघडा.

आणि अक्षरं हवी असतील तर फ्रेंच कशाला? पेटीवाल्याच्या तोंडी दिवसभर ‘काळी दोन’, ‘पांढरी पाच’ असतंच. ‘काळी ४’ असं ठोकळेबाज अक्षरात, अर्धं कापलेलं, तळाशी येऊ द्या. ब्राकनं ‘पोर्तुगीज’मध्ये स्टेन्सिलनं अक्षरं उमटवली, ती अशीच तोडलेली आहेत, भिंतीवरच्या नाचाच्या जाहिरातीचा तुकडा असावा तशी. स्टेन्सिल वापरलंत तर अक्षरावर छटा देऊ नका. त्यांना सपाटच राहायचंय.

आपल्याकडे ही भाषा कुणी वापरली, असंही तुम्ही विचारता. गगनेंद्रनाथ टागोरांनी कलकत्त्यात १९२० च्या दशकात उजेड-सावल्यांची घनवादी चित्रं केली, पण ती नाट्यमय आहेत, वस्तूंची चिरफाड त्यात नाही. ना. श्री. बेंद्रे यांनी बडोद्याला शिकवत असताना घनवादी रचना केल्या. मुंबईचे जहांगीर साबावाला पॅरिसला आंद्रे लोत या घनवादी चित्रकाराकडे शिकले. त्यांच्या धारदार प्रतलांत ती शिकवण शेवटपर्यंत दिसते. तुमच्या कामाला साबावालांची चित्रं जास्त उपयोगी पडतील, कारण तिथं कडा कशा सोडल्यात हे छापील पानावरही कळतं.

प्रश्न : पिकासोच्या ‘तीन वादक’मध्ये पिकासो स्वतः आहे, हे खरं का? (वाचक, नागपूर)

उत्तर : हे वाचन भक्कम आहे, पण वाचनच आहे. १९२१ च्या उन्हाळ्यात फोंतेनब्लोला पिकासोनं या विषयाची दोन मोठी चित्रं केली, एक आता न्यूयॉर्कमध्ये, दुसरं फिलाडेल्फियात. न्यूयॉर्कचं २०० × २२३ सेंटिमीटरच्या आसपास. त्यात डावीकडे क्लॅरिनेट घेतलेला पिएरो, मध्ये गिटारवाला हार्लेक्विन, उजवीकडे स्वरलेखनाचे कागद धरलेला साधू, आणि खाली एक कुत्रा. पिएरो आणि हार्लेक्विन ही जुन्या इटालियन प्रहसनांतली विदूषकी सोंगं. एवढं दिसतं, यावर वाद नाही. हार्लेक्विन हे सोंग पिकासोनं स्वतःसाठी अनेकदा वापरलंय, हेही चित्रांवरून दाखवता येतं. पुढचं पाऊल असं : पिएरो म्हणजे १९१८ मध्ये वारलेला कवी अपॉलिनेर, आणि साधू म्हणजे १९२१ मध्येच मठात राहायला गेलेला कवी माक्स जाकोब. तारखा जुळतात, म्हणून बहुतेक अभ्यासक हे मान्य करतात. पण पिकासोनं तसं लिहून ठेवलेलं नाही. ही तीन पावलं वेगवेगळी ठेवलीत की चर्चा भांडणावर जात नाही.

हे चित्र १९११ च्या कामांसारखं वाचू नका, एवढं मात्र लक्षात असू द्या. रंगाचे सपाट, कातरलेले तुकडे एकमेकांवर ठेवावेत तसं ते आहे, पण सगळं तैलरंगात. कागद चिकटवण्याच्या प्रयोगातून आलेला हा संश्लेषणात्मक घनवाद. इथं आकार बंद आहेत आणि वस्तू सहज सापडतात. प्रश्न पडतो तो हाच की कुठला हात कुणाचा. हात इवलेसे आहेत, मोजून घ्या.

प्रश्न : जुन्या बाजारात पिकासोच्या ‘ॲकॉर्डियन वादक’ची फ्रेम केलेली प्रत मिळाली. खाली सही आहे. मूळ असेल का? आणि ती सरळ टांगलीय की उलटी, यावरून घरात वाद आहे. (रत्नागिरी)

उत्तर : मूळ नाही. मूळ तैलचित्र १३० सेंटिमीटर उंच असून न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. तुमची प्रत कशी छापली हे बघायचं तर घड्याळजीकडची दहापट मोठं दाखवणारी काच घ्या. रंगीत ठिपके ठरावीक अंतरावर फुलासारखे मांडलेले दिसले तर ऑफसेट छपाई, आणि ती तशीच असणार. सहीवर भुलू नका. त्या वर्षांत पिकासो आणि ब्राक पुष्कळदा चित्राच्या पाठीमागे सही करत, त्यामुळे कुणाचं चित्र कुठलं हा गोंधळ जाणकारांचाही होतो. काच कागदाला चिकटलेली असेल तर कोकणच्या हवेत बुरशी धरेल. मध्ये आम्लविरहित माउंट घालून पुन्हा फ्रेम करा, आणि उन्हाच्या भिंतीवर नको.

सरळ-उलट्याचा वाद तुमच्याच घरात झालेला नाही. हे चित्र १९११ च्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्समधल्या सेरे गावी काढलेलं, आणि मागे ‘सेरे’ असं लिहिलेलं. एका जुन्या अमेरिकी मालकानं त्यावरून हे गावाचं निसर्गचित्र आहे असा समज करून घेतला होता, असं सांगतात. तुम्ही असं करा : मधोमध बघा, भात्याच्या घड्या आणि बटणं सापडतील. मग एका टोकाशी गुंडाळलेली दोन वळणं शोधा, ती आरामखुर्चीच्या हातांची टोकं. ती खाली यायला हवीत. वर आली असतील तर खिळ्यावरून काढा आणि फिरवा.